मला उमजलेले : रॉक संगीतातील 'कव्हर' गाण्यांची गोष्ट

माळव्यातील मराठी घरांत 'संगीत' म्हटले की नाट्यपद, अभंग, भावगीत आणि वर्षाकाठी एखाददुसरी शास्त्रीय संगीताची बैठक असे चित्र डोळ्यांसमोर येते. घरातील तरुण मुलाच्या खोलीतून रॉक संगीत ऐकू येऊ लागले की वडीलधारी मंडळी आधी दार लावून घेतात. 'धांगडधिंगा' हा एकच शब्द त्या साऱ्या संगीताच्या वाट्याला येतो आणि विषय तेथेच मिटतो. प्रस्तुत लेखाचा हेतू हा मिटलेला विषय थोडा उघडण्याचा आहे. रॉक संगीताचा समग्र इतिहास सांगण्याचा येथे विचार नाही. दुसऱ्याचे गाणे आपल्या पद्धतीने पुन्हा गाण्याची जी एक प्रथा त्या संगीतात रुजली आहे, तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच हेतू आहे. या प्रथेला 'कव्हर' म्हणतात. तिचा हात धरून चालले तर कितीतरी विस्मृत, उपेक्षित कलावंतांच्या दारापर्यंत पोहोचता येते.

ही प्रथा आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. इंदूरहून तासाभराच्या अंतरावर असलेल्या देवासला राहून पंडित कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम सादर केला होता. त्या शीर्षकातील पहिले दोन शब्द फार मोलाचे आहेत. बालगंधर्वांची पदे, त्यांच्या लकबी, त्यांची लय हे सारे कुमारजींच्या मनात मुरलेले होते. तरीही त्यांनी नक्कल केली नाही. आपल्याला त्या गायनात काय दिसले ते त्यांनी गाऊन दाखवले. 'कव्हर' या शब्दाला मराठी प्रतिशब्द द्यायचा झाल्यास 'मला उमजलेले' याहून नेमका शब्द सुचणे कठीण आहे. पुढील विवेचनात चांगले कव्हर आणि सामान्य कव्हर यांतील भेद ओळखण्यासाठी हीच कसोटी वापरली आहे.

शब्दाचा व्यापारी उगम

आज 'कव्हर' हा शब्द आदराने उच्चारला जात असला, तरी त्याचा जन्म बाजारात झाला. १९४० आणि १९५० च्या दशकांत अमेरिकेत एखाद्या कंपनीची ध्वनिमुद्रिका खपू लागली की प्रतिस्पर्धी कंपनी तेच गाणे घाईघाईने आपल्या गायकाकडून गाऊन घेई आणि पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या गिऱ्हाइकांना आपल्याकडे ओढी. त्या काळी कृष्णवर्णीय कलावंतांचे संगीत 'रिदम अँड ब्लूज' या वेगळ्या नावाने विकले जाई. त्याच्या खपाच्या याद्याही वेगळ्या असत आणि अनेक आकाशवाणी केंद्रे ते वाजवतच नसत. मग गोऱ्या गायकाने गायलेली त्याच गाण्याची सौम्य आवृत्ती बाजारात येई आणि मूळ गाण्याहून कितीतरी अधिक खपे. फॅट्स डॉमिनो या न्यू ऑर्लिन्सच्या पियानोवादक गायकाचे 'एन्ट दॅट अ शेम' हे गाणे १९५५ साली आले. त्याच वर्षी पॅट बून या गोऱ्या गायकाने ते गायले आणि पहिल्या क्रमांकावर नेले.

यात कायद्याचाही मोठा भाग होता. १९०९ च्या अमेरिकी स्वामित्वहक्क कायद्याने अशी तरतूद केली, की गीतकार-संगीतकाराच्या संमतीने एखादे गाणे एकदा मुद्रित झाले की पुढे कोणीही ठरावीक शुल्क भरून ते पुन्हा मुद्रित करू शकेल. हे शुल्क दर प्रतीमागे दोन सेंट होते आणि ते १९७८ पर्यंत तेवढेच राहिले. येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. हा पैसा गाणे रचणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला मिळतो. ज्या गायकाने ते गाणे प्रथम गायले, त्याला रूप दिले, चढ-उतार आणि ठसका दिला, त्याला नव्या आवृत्तीतून काहीही मिळत नाही. आवाजातून घडवलेल्या रूपाला या व्यवस्थेत किंमतच नाही.

आपल्याकडेही कॅसेटच्या जमान्यात जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या नव्या आवाजांतील आवृत्त्यांचा पूर आला होता, हे अनेकांना स्मरत असेल. गाणे तेच, वेष्टनावर चित्रपटाचे नाव ठळक आणि गायकाचे नाव बारीक, असा तो मामला असे. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर आता मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे पूर्ण झाल्याखेरीज अशी आवृत्ती काढता येत नाही. शिवाय वेष्टनावरून मूळ कलावंताविषयी ग्राहकाची दिशाभूल होता कामा नये, असेही बंधन आहे.

बिग मामाचे गाणे

या व्यवस्थेत काय घडू शकते याचे बोलके उदाहरण म्हणजे 'हाउंड डॉग'. हे गाणे एल्विस प्रेस्लीचे, असे जगभर समजले जाते. प्रत्यक्षात ते रचले जेरी लीबर आणि माइक स्टोलर या अवघ्या एकोणीस वर्षांच्या दोन तरुणांनी, आणि तेही अलाबामात जन्मलेल्या विली मे थॉर्नटन या धिप्पाड कृष्णवर्णीय गायिकेसाठी. 'बिग मामा' या नावाने ती ओळखली जाई. ऑगस्ट १९५२ मध्ये लॉस एंजेलिस येथे तिने ते मुद्रित केले. १९५३ मध्ये ते बाजारात आले आणि रिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे अग्रस्थानी राहिले.

तिच्या तोंडी हे गाणे एका स्त्रीचे आहे. आपल्या जिवावर ऐषआराम करणाऱ्या निरुद्योगी पुरुषाला ती दाराबाहेर काढते आहे. आवाजात गुरगुर आहे, उपहास आहे आणि मागे गिटार जणू तिच्या बोलण्याला टाळी देत आहे. पुढे लास व्हेगासमधील एका वाद्यवृंदाने या गाण्याचे शब्द बदलून त्याचे विनोदी रूप केले. एल्विसने ते रूप ऐकले आणि १९५६ साली आपल्या पद्धतीने गायले. म्हणजे एल्विसचे 'हाउंड डॉग' हे कव्हरचेही कव्हर आहे. 'डोन्ट बी क्रूएल' या दुसऱ्या गाण्यासह त्याची तबकडी अमेरिकेत अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. त्यात जोम आहे, तारुण्य आहे, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु ती संतापलेली स्त्री मात्र त्यात कोठेच उरलेली नाही. या गाण्यापोटी आपल्याला पाचशे डॉलरचा एकच धनादेश मिळाला, असे थॉर्नटन पुढे सांगत असे.

तिच्या कथेचा उत्तरार्ध थोडा वेगळा आहे. 'बॉल अँड चेन' हे तिचे स्वतःचे गाणे जॅनिस जॉप्लिन या तरुण गोऱ्या गायिकेने १९६७ च्या माँटेरी महोत्सवात गायले आणि एका रात्रीत जॅनिसचे नाव सर्वतोमुखी झाले. जॅनिसने थॉर्नटनचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. तिच्यामुळे अनेक तरुण श्रोते बिग मामाचा शोध घेऊ लागले. १९८४ मध्ये थॉर्नटनचे निधन झाले. आज ही दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकली तर आपल्याला उमजलेले गाणे म्हणजे काय, हे जॅनिसच्या आक्रोशात स्पष्ट जाणवते. 'हाउंड डॉग'च्या बाबतीत मात्र मूळ गाणे ऐकल्याखेरीज आपण काय गमावले होते, हेच कळत नाही.

'विदाउट यू' : गाणे जगले, कर्ते गेले

दुसरी कथा अधिक विषण्ण करणारी आहे. बॅडफिंगर हा वेल्समधील स्वॉन्झी येथे मूळ धरलेला बँड. बीटल्सनी स्थापन केलेल्या 'ॲपल' कंपनीने त्याला हाताशी धरले होते. या बँडमधील पीट हॅमकडे एका गाण्याचे अंतरे तयार होते, पण ध्रुवपद मनासारखे जमेना. त्याचा सहकारी टॉम एव्हन्स याच्याकडे एक ध्रुवपद होते, पण त्याला साजेसे अंतरे नव्हते. दोघांनी आपापले अपुरे तुकडे जोडले आणि 'विदाउट यू' हे गाणे पूर्ण केले. १९७० च्या 'नो डाइस' या ध्वनिमुद्रिकेत ते आहे. बँडने ते साधेपणाने, जवळजवळ संकोचाने गायले आहे. स्वतंत्र तबकडी म्हणून ते काढावे, असेही कोणाला वाटले नाही.

अमेरिकी गायक हॅरी निल्सन याने हे गाणे ऐकले तेव्हा त्याला ते बीटल्सचेच वाटले. आपल्या आवृत्तीत त्याने गिटारींचा गलबला दूर केला, आरंभी केवळ पियानो ठेवला, हळूहळू तंतुवाद्यांचा मेळ चढवत नेला आणि ध्रुवपदापाशी आवाज जवळजवळ फाटेपर्यंत उंच नेला. मुळातील संकोच जाऊन गाणे विलाप झाले. १९७२ च्या आरंभी ते अमेरिकेत चार आठवडे आणि ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. १९७३ मध्ये रचनाकार म्हणून हॅम आणि एव्हन्स यांना ब्रिटनमधील प्रतिष्ठेचा आयव्हर नोव्हेलो पुरस्कारही मिळाला.

पुरस्कार मिळाला, पैसा मात्र हाती येईना. बँडच्या व्यवस्थापकाशी झालेले करार, कंपन्यांमधील कज्जे आणि अडकून पडलेल्या रकमा यांत हॅम पुरता नागवला गेला. २४ एप्रिल १९७५ रोजी, वयाची अठ्ठाविसावी पूर्ण होण्यास तीन दिवस असताना, त्याने आत्महत्या केली. त्याची जोडीदार त्या वेळी गरोदर होती. पुढे याच गाण्याच्या रॉयल्टीवरून उरलेल्या सहकाऱ्यांत वाद पेटला. नोव्हेंबर १९८३ मध्ये टॉम एव्हन्सनेही तोच मार्ग पत्करला. जानेवारी १९९४ मध्ये निल्सनचे निधन झाले आणि त्याच महिन्यात मरायाह कॅरीने गायलेली आवृत्ती प्रसिद्ध होऊन पुन्हा जगभर गाजली. गाणे तिसऱ्यांदा जन्मास आले तेव्हा त्याचे दोघेही जनक आणि त्याला पहिले यश मिळवून देणारा गायक यांपैकी कोणीही हयात नव्हते.

नैराश्य आणि आर्थिक विवंचना यांची सांगड आपण आपल्या दवाखान्यांत नित्य पाहतो. रुग्ण चांगला नावाजलेला आहे, पुरस्कारप्राप्त आहे, म्हणून त्याला विवंचना नसेल असे गृहीत धरणे किती घातक ठरते, हे या दोघांच्या कहाणीवरून वेगळे सांगण्याची गरज नाही.

नाकारलेले गाणे आणि त्याची दहा वर्षे

काही गाणी मूळ रूपात दुर्लक्षित राहतात आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाता जाता आकार घेतात. लेनर्ड कोहेन या कॅनेडियन कवी-गायकाचे 'हालेलुया' हे त्याचे उत्तम उदाहरण. कोहेनने त्यासाठी कितीतरी अधिक कडवी लिहिली होती आणि त्यातून निवड करण्यात काही वर्षे घालवली होती. १९८४ मध्ये ज्या ध्वनिमुद्रिकेसाठी ते मुद्रित झाले, ती त्याच्या मोठ्या अमेरिकी कंपनीने अमेरिकेत प्रसिद्ध करण्याचे नाकारले. अखेर एका छोट्या कंपनीने ती काढली. त्या आवृत्तीत कोहेनचा खर्जातील आवाज, सिंथेसायझर आणि मागे समूहस्वर आहेत. गाणे धीरगंभीर आहे, पण थोडे दूर उभे असल्यासारखे वाटते.

व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडचा एक संस्थापक जॉन केल याने कोहेनकडे या गाण्याची कडवी मागितली, तेव्हा फॅक्सवरून पंधरा पाने आली. त्यांतून त्याने आपल्याला भावलेली कडवी निवडली आणि १९९१ मध्ये केवळ पियानोच्या साथीने ती गायली. जेफ बकली या तरुणाने केलची ही आवृत्ती ऐकली आणि १९९४ मध्ये 'ग्रेस' या आपल्या ध्वनिमुद्रिकेत एका विजेच्या गिटारीवर तेच गाणे जवळजवळ श्वासाच्या स्वरात गायले. पुढे तीनच वर्षांनी, वयाच्या तिसाव्या वर्षी, मेम्फिस येथे नदीत बुडून त्याचा मृत्यू झाला. आज जगाला ठाऊक असलेले 'हालेलुया' आहे ते केलने निवडलेले आणि बकलीने हळुवार केलेले.

डिसेंबर २००८ मध्ये तर नवल घडले. एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील विजेतीने गायलेले हे गाणे ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आणि बकलीचे त्याच आठवड्यात दुसऱ्या क्रमांकावर होते. खुद्द कोहेनचे मूळ गाणेही त्याच वेळी छत्तिसाव्या स्थानी येऊन बसले. या वृद्ध कवीचा आपल्याशी एक धागा आहे, तोही सांगून टाकतो. १९९९ च्या सुमारास तो मुंबईत येऊन राहिला होता आणि रमेश बाळसेकर यांच्याकडे अद्वैताचे निरूपण ऐकण्यास नियमाने जात असे.

थकलेल्या गळ्याचे सामर्थ्य

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत विचार करण्याजोगे कव्हर म्हणजे जॉनी कॅशने गायलेले 'हर्ट'. हे मूळ गाणे ट्रेंट रेझ्नर या तरुणाचे. त्याच्या नाइन इंच नेल्स या बँडच्या १९९४ च्या ध्वनिमुद्रिकेत ते शेवटी येते. व्यसन, स्वतःलाच इजा करून घेण्याची ऊर्मी आणि त्यानंतरचे रितेपण हा त्याचा विषय. मूळ आवृत्तीत सूर मुद्दाम विसंवादी ठेवले आहेत. गायक कुजबुजतो आणि शेवटी गोंगाटात बुडून जातो.

कॅश हा अमेरिकी ग्रामीण संगीताचा ज्येष्ठ गायक. २००२ मध्ये हे गाणे प्रसिद्ध झाले तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता. १९९७ मध्ये त्याला शाय-ड्रेगर सिंड्रोम असल्याचे निदान झाले होते. पुढे ते बदलून मधुमेहाशी निगडित ऑटोनॉमिक न्यूरोपॅथी असे ठरले. न्यूमोनियाने त्याला पुनःपुन्हा रुग्णालयात जावे लागे. ज्या खर्जाच्या आवाजावर त्याची कीर्ती उभी होती, तो आता कापत होता. वाक्य संपण्यापूर्वी श्वास संपत होता. निर्माता रिक रुबिन याने हे दोष झाकले नाहीत. गिटार, पियानो आणि तो थकलेला आवाज एवढ्यावरच गाणे उभे केले. कॅशने शब्दांत फारसा बदलही केला नाही. एक अपशब्द तेवढा काढून त्या जागी ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटाची प्रतिमा आणली. पण तरुणाने लिहिलेले आत्मनाशाचे गाणे सत्तर वर्षांच्या मनुष्याने गाताच आयुष्याचा हिशेब झाले. मूळ गाण्यातील वेदना शरीरावर ओढवून घेतलेली होती. येथे ती शरीरानेच दिलेली आहे. मे २००३ मध्ये कॅशची पत्नी जून हिचे निधन झाले आणि सप्टेंबरात तोही गेला. चित्रफितीसह ही आवृत्ती पाहिल्यावर रेझ्नरने म्हटले, की हे गाणे आता आपले राहिले नाही.

येथे पुन्हा देवासचे स्मरण होते. क्षयाने ग्रासलेले कुमारजी १९४८ मध्ये देवासला आले. गाणे तर दूरच, बोलणेही वर्ज्य अशी कित्येक वर्षे त्यांनी अंथरुणावर काढली. स्ट्रेप्टोमायसिन उपलब्ध झाल्यावर ते बरे झाले आणि पुन्हा गाऊ लागले, पण एका फुप्फुसाची पुरेशी साथ त्यांना उरली नव्हती. त्यांच्या गायनातील छोट्या, झेपावणाऱ्या स्वरावलींचा संबंध अनेक जाणकार या आजाराशी जोडतात. कुमारजींच्या गायनाचे सारे श्रेय आजाराला देणे अर्थातच अन्यायाचे होईल. परंतु शरीराची मर्यादा ही कलावंताच्या हाती पडली की तिची शैली होऊ शकते, हे देवास आणि नॅशव्हिल या दोन्ही ठिकाणी दिसते. फुप्फुसाच्या क्षमतेचा आकडा पाहून रुग्णाला 'आता गाणे विसरा' असे सांगण्यापूर्वी आपण डॉक्टरांनी ही दोन्ही ध्वनिमुद्रणे एकदा अवश्य ऐकावीत.

अनोळखी नावांकडे बोट

प्रसिद्ध कलावंताने आपल्या व्यासपीठाचा उपयोग इतरांसाठी कसा करावा, याचा धडा १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये मिळाला. निर्व्हाना हा त्या वेळचा जगातील सर्वांत गाजलेल्या बँडपैकी एक. एमटीव्ही वाहिनीच्या कार्यक्रमात त्यांनी आपली सर्वांत लोकप्रिय रचना सादर करावी, ही साहजिक अपेक्षा होती. कर्ट कोबेनने ती गायलीच नाही. चौदा गाण्यांपैकी सहा त्याने दुसऱ्यांची निवडली. एक व्हॅसलीन्स या स्कॉटलंडमधील अल्पपरिचित बँडचे, तीन ॲरिझोनातील मीट पपेट्सची, एक डेव्हिड बोवीचे १९७० सालचे विस्मृत गाणे आणि शेवटी लेड बेली या १९४९ मध्ये दिवंगत झालेल्या कृष्णवर्णीय लोकगायकाच्या वारशातून आलेले एक पारंपरिक गीत. मीट पपेट्सच्या दोघा भावांना तर त्याने साथीला शेजारी बसवले.

त्यानंतर पाच महिन्यांतच कोबेनने आत्महत्या केली. हे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले आणि लक्षावधी तरुणांनी ही नावे प्रथमच ऐकली. बोवीच्या बाबतीत तर गंमत झाली. त्याने स्वतःचेच गाणे मैफलीत गायले की तरुण श्रोते त्याला निर्व्हानाचे गाणे गायल्याबद्दल शाबासकी देत. बोवी यावर वैतागत असे, पण गाणे जिवंत झाले होते हे खरे.

कोणी बोट दाखवले नाही तर काय होते, हे निक ड्रेकच्या बाबतीत दिसले. १९४८ मध्ये रंगूनला जन्मलेल्या या लाजाळू इंग्रज तरुणाने १९६९ ते १९७२ या काळात तीन ध्वनिमुद्रिका केल्या. त्यांपैकी एकीच्याही पाच हजार प्रती त्या वेळी खपल्या नाहीत. लोकांसमोर गाणे त्याला सोसत नसे. त्याच्या गिटारीच्या तारा प्रत्येक गाण्यासाठी वेगळ्या जुळवलेल्या असत. त्यामुळे मैफलीत दोन गाण्यांच्या मध्ये तारा जुळवण्यातच वेळ जाई आणि श्रोते कंटाळत. नोव्हेंबर १९७४ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, नैराश्यासाठी दिलेल्या ॲमिट्रिप्टिलिनच्या अतिमात्रेने त्याचा मृत्यू झाला. ट्रायसायक्लिक औषधांच्या गोळ्या एकावेळी किती द्याव्यात, हा प्रश्न आपल्याला किती गंभीरपणे शिकवला जातो! त्या प्रश्नामागे असे चेहरे असतात.

ड्रेक प्रौढपणी गातानाचे एकही चित्रीकरण उपलब्ध नाही. त्याला जिवंत ठेवले ते त्याच्या तारांची जुळणी कानाने शोधत बसलेल्या हौशी वादकांनी. १९९९ मध्ये एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचे गाणे वाजले आणि त्याच्या ध्वनिमुद्रिकांचा खप झपाट्याने वाढला. २०२३ मध्ये त्याच्या गाण्यांच्या कव्हरचा एक मोठा संग्रह प्रसिद्ध झाला. पाच हजार प्रतींचा हा मानकरी आता अनेक गायकांच्या गळ्यात आहे.

पाचगणीची तालीम

कव्हर ही शिकण्याची पायरीही आहे. बीटल्सच्या १९६३ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील चौदा गाण्यांपैकी सहा इतरांची होती. या बाबतीत महाराष्ट्राचाही थोडा वाटा आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस पाच विद्यार्थ्यांनी 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. शाळेच्या समारंभांत ते त्या वेळची गाजलेली परदेशी गाणी वाजवीत. त्यात पियानोवर बसणारा फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गावात निघालेल्या वाद्यवृंदाचे 'हेक्टिक' हे नाव ऐकून जुन्या पिढीतील डॉक्टरांना क्षयातील 'हेक्टिक' ज्वर आठवल्याखेरीज राहणार नाही.

मुंबईतही १९८० च्या दशकापर्यंत बहुतेक बँड परदेशी गाणीच वाजवीत. श्रोत्यांनाही तीच हवी असत. रॉक मशीन या मुंबईच्या बँडने कव्हर वाजवत वाजवत १९८८ मध्ये आपल्या स्वतःच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. पुढे हाच बँड 'इंडस क्रीड' झाला. दुसऱ्याचे गाणे नीट उमजल्यानंतर स्वतःचे सुचू लागते, हा क्रम आपल्या गुरुकुलातील तालमीहून फारसा वेगळा नाही.

ऐकावे कसे?

वैद्यकशास्त्रात पूर्वेतिहास घेतल्याखेरीज निदान करू नये, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवले जाते. गाण्याच्या बाबतीतही हीच सवय लावून घेता येईल. एखादे गाणे आवडले की त्याच्या नावाखाली रचनाकाराचे नाव पाहावे. ते गायकाच्या नावाहून वेगळे असेल, तर गाणे प्रथम कोणी गायले याचा शोध घ्यावा. पूर्वी यासाठी जुन्या ध्वनिमुद्रिकांची दुकाने धुंडाळावी लागत. आता भ्रमणध्वनीवर काही क्षणांत मूळ गाणे सापडते. अडचण निराळी आहे. यंत्र आपल्याला आवडलेल्यासारखेच पुढचे गाणे आपणहून लावत जाते. मागे वळून पाहण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

दोन्ही आवृत्त्या ऐकताना तीन प्रश्न मनात ठेवावेत. नव्या गायकाने काय काढून टाकले? काय नवे आणले? आणि त्याच्या वयामुळे, लिंगामुळे अथवा आयुष्यामुळे त्याच शब्दांचा अर्थ कोठे बदलला? या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर ते गाणे त्या गायकाला उमजले होते असे समजावे. उत्तरे मिळाली नाहीत, तर ती केवळ प्रत आहे.

आपल्या मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमांत शास्त्रीय गायनाची बैठक होते, नाट्यगीतांची स्पर्धा होते. त्याच जोडीला एखादी संध्याकाळ अशा गाण्यांच्या जोड्या ऐकण्यासाठी ठेवण्यास हरकत नसावी. थॉर्नटन आणि एल्विस, बॅडफिंगर आणि निल्सन, कोहेन आणि बकली, रेझ्नर आणि कॅश अशा चार जोड्यांना तासाभराहून अधिक वेळ लागणार नाही. मुलांनी गाणी निवडावीत, वडीलधाऱ्यांनी प्रश्न विचारावेत. बालगंधर्वांचे एखादे पद आणि कुमारजींना उमजलेले तेच पद यांनी सुरुवात केली, तर दोन्ही पिढ्यांना बोलायला विषय मिळेल. मूळ गायकाचे नाव उच्चारल्याशिवाय एकही गाणे लावायचे नाही, एवढा एकच नियम त्या संध्याकाळी कटाक्षाने पाळावा.